एका साच्यातले दोन दरवाजे

दोष दामलेकाकांचा. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर सगळं ऐकून झाल्यावर तुम्ही मान हलवत म्हणाल, ‘पण विनू, चूक तुझीच होती रे.’ नव्हती. म्हणजे होती, पण नंतर. आधी दामलेकाकांची.

घ्या, चहा घ्या. हा किस्सा मी सहसा सांगत नाही. सांगताना अजून माझे कान गरम होतात. पण आज विषय निघालाच आहे, तर होऊन जाऊ दे माझी शोभा!

तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि कॉलेज सोडून घरी बसलो होतो. का सोडलं? आम्हाला स्टॅटिस्टिक्स शिकवणारा माणूस वर्षानुवर्षं एकाच पिवळ्या पडलेल्या वहीतून वाचून दाखवायचा. मध्ये एक पान फाटलेलं होतं. तिथे आला की तो सरळ पुढच्या पानावर जायचा, आणि सगळा वर्ग तसाच पुढे जायचा. एक दिवस मी विचारलं, “सर, मधलं काय झालं?” तो म्हणाला, “गेट आउट.” मी आउट झालो, तो परत गेलोच नाही.

बाबांनी तीन महिने माझ्याशी बोलणं टाकलं. बोलायचे ते आईशी, पण मला ऐकू येईल अशा आवाजात. “तुझ्या चिरंजीवांना विचार, आज आंघोळ करणार आहेत का.” बाबा सरकारी ऑफिसात हेडक्लार्क. घरीसुद्धा सगळा कारभार असा थ्रू प्रॉपर चॅनल!

शेवटी आईने मला तिच्या भावाकडे पाठवलं. परबमामा. मामा गिरणीत होता. गिरणीचा भोंगा वाजायचा बंद झाल्यावर त्याने मुलुंडला चेकनाक्याच्या अलीकडे एक गाळा घेतला आणि फायबरच्या वस्तू बनवायला लागला. वस्तू म्हणजे काय? ससे. बागेत तोंड उघडून उभे असतात ना, ज्यांच्या तोंडात आपण केळ्याची सालं टाकतो, ते कचऱ्याचे ससे. मुंबईच्या निम्म्या बागांमधले ससे आमच्या गाळ्यातून गेलेत असं मामा सांगायचा. मामा सांगायचा म्हणजे निम्म्याचे निम्मे धरा.

पण खरं सांगू? त्या गाळ्यात मी जितका सुखी होतो तितका आजवर कुठेच झालो नाही.

सकाळी शटर वर केलं की तो रेझिनचा वास अंगावर यायचा. गोडसर, नाकात झोंबणारा. ओळीने पन्नास पांढरे ससे आ वासून आमच्याकडे बघत उभे. साच्याला आतून मेणाचं पॉलिश मारायचं, म्हणजे माल चिकटत नाही. मग काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, डब्यात रेझिन घ्यायचं, त्यात हार्डनर टाकायचं आणि ब्रशने थापत सुटायचं. हार्डनर जास्त पडलं तर डबा हातातच तापून धूर सोडायचा. कमी पडलं तर ससा तीन दिवस ओला. दुपारी चहा आला की कपाला बोटं चिकटायची. आणि काचेची ती बारीक कूस अंगात जायची, मग रात्रभर खाजवत बसा! आई माझे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची. मी तक्रार केली तर मामा म्हणायचा, “खाज सुटाक नाय तर काम खय केलंस?”

मामाचा सगळा धंदा एका वाक्यावर उभा होता. “साचो एकदा बरो झालो काय नग होये तितके काढ.” साचा एक, माल हवा तितका; हेच शिक्षण, हीच पदवी. आणि सशांच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं होतं. लक्षात ठेवा, सशांच्या बाबतीत.

आता येतात दामलेकाका.

दामलेकाका आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचे. मोठ्या कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झालेले. “बत्तीस वर्षं ड्रॉइंग केलंय,” हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून चार वेळा निघायचं. पोळी करपली तरी काकूंना ऐकवायचे, बत्तीस वर्षं ड्रॉइंग केलंय.

त्यांच्याकडे एक पांढरी फियाट होती. होती म्हणजे उभी होती. कंपाउंडच्या भिंतीला इतकी चिकटवून, की मध्ये मांजर शिरलं तर तिरकं होऊन शिरायचं. उजवे दरवाजे उघडण्याचा प्रश्नच नाही. आता तुम्ही म्हणाल, मग चालवणारा बसतो कुठून? अहो, जुन्या फियाटला पुढे सलग सीट आणि गिअर स्टिअरिंगला! काका गाडी आतून पुसायला डावीकडून शिरायचे आणि लुंगी सावरत, घसरत घसरत, उजवीकडे पोचायचे. आम्ही गॅलरीतून बघायचो. फुकटची करमणूक होती ती.

गाडी बाहेर काढायची फक्त दसऱ्याला, पूजेसाठी. एरवी हलवायची नाही. का? तर जागा गेली असती. त्या जागेवर सोसायटीच्या सेक्रेटरीचा डोळा होता. गाडी दहा मिनिटं हलली की सेक्रेटरी आपली स्कूटर आणून लावणार, हे काकांच्या मनाने घेतलं होतं. दोन म्हातारी माणसं, एक भिंत, आणि त्यांच्यात सहा वर्षं चाललेलं युद्ध. देशात काय काय घडत होतं, यांचं आपलं भिंतीवर लक्ष!

तर काकांचे जावई मस्कतला. त्यांनी सासऱ्यांसाठी गाडीत लावायचा टेप आणि दोन भलेमोठे स्पीकर पाठवले. अंडाकृती, पपईच्या फाकीएवढे, मागे दगडासारखं जड लोहचुंबक. आमच्या फियाटच्या दरवाजाला आतून काय असायचं? पुठ्ठ्यासारखी फळी आणि वर रेक्झिन. त्यावर तो स्पीकर टांगला असता तर पहिल्याच आलापाला खाली आला असता.

जावयांनी सोबत एक परदेशी मासिक पाठवलं होतं. त्यात गाडीच्या दरवाजाचा फोटो. आतून अख्खा दरवाजा एकसंध, गुळगुळीत, आणि खाली स्पीकरसाठी असा मस्त फुगवटा, जणू दरवाजाने गाल फुगवलेत. काकांनी मला बोलावलं.

“फायबर आहे ना हे? जमेल तुला?”

मी फोटो बघितला आणि वेडा झालो. यार, हे काम! ससे किती दिवस बनवायचे?

“झकास जमेल, काका.”

“दसऱ्याला जावई येताहेत. त्या दिवशी गाडी वाजली पाहिजे.”

चालायची नव्हती, वाजायची होती.

मी मामाकडे गेलो. मामाने फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. “कर,” म्हणाला. “बरा झाला तर गाळ्याचो मागचो कोपरो तुझो. गाड्यांचा काम तू बघ, सशांचा मी बघतंय.”

कोपरा माझा! स्वतःचा! मी घरी येऊन आईला सांगितलं. त्या दिवशी बाबा तीन महिन्यांनी पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले.

“ठीक आहे. दसऱ्याला ती गाडी चारचौघांत नीट वाजली, तर मी कॉलेजचं आणि नोकरीचं नाव काढणार नाही. पण नाही वाजली, तर दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर ऑफिसात यायचं. साहेबांशी बोलून ठेवलंय. कबूल?”

“कबूल.”

बघा, केवढं सोपं होतं. दोन दरवाजे आणि आयुष्यभराची सुटका.

पुढच्या रविवारी मी माप घ्यायला उतरलो. डावीकडचा पुढचा दरवाजा उघडला, रेक्झिनची फळी काढली. काका घडीची खुर्ची टाकून शेजारी बसले. काम माझं, सूचना त्यांच्या. साच्याचं प्लास्टर कालवलं तर म्हणे पातळ. घट्ट केलं तर म्हणे घट्ट. मी दात खात होतो, पण काम छान चाललं होतं. हँडलची भोकं, काच फिरवायच्या दांडीची जागा, फुगवटा, सगळं एकेक रेषेत.

डावीकडचं झाल्यावर मी हात पुसत म्हटलं, “काका, आता गाडी जरा पुढे घेऊ या. उजव्या दरवाजाचं माप घ्यायचंय.”

काका खुर्चीतून उठलेच.

“गाडी हलणार नाही!”

“अहो, अर्धा तास फक्त.”

“अर्धा तास? वर गॅलरीत बघ, तो उभाच आहे.”

मी वर बघितलं. सेक्रेटरी बनियनवर दात घासत उभा होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते.

“पण मग उजवीकडचं माप...”

“कशाला हवंय? अरे, दोन्ही दरवाजे सारखेच असतात. डाव्याची लांबी तीच उजव्याची, डाव्याची उंची तीच उजव्याची. मी सांगतोय ना? बत्तीस वर्षं ड्रॉइंग केलंय.”

आता इथे थांबा आणि माझ्याकडे नीट बघा. जन्मात मी कधी मोठ्या माणसाचं ऐकलं नव्हतं. बाबा म्हणाले सायन्स घे, मी कॉमर्स घेतलं. प्रोफेसर म्हणाला बस, मी उठलो. न्हावी म्हणाला आखूड, मी लांब ठेवले. आणि त्या रविवारी, त्या एका रविवारी, मी म्हटलं, “बरोबर आहे तुमचं, काका.”

साचा गाळ्यात नेला. मामाने हात फिरवला, खूश झाला. मग सहज विचारलं, “उजव्याचा माप घेतलंस मा?”

“दोन्ही सारखेच असतात मामा. साचा एकच पुरे.”

“बघ हां, झिला. गाडी म्हणजे ससो न्हय.”

“मामा, तुला गाड्यांतलं काय कळतं?”

असं बोललो मी. मामाला. ज्याच्या गाळ्यात उभा होतो त्याला. मामा सशांकडे वळला. ओरडायचं ना रे तेव्हा! भाच्याला एक ठेवून द्यायची! पण नाही. आमच्याकडे मोठी माणसं नको तिथे बोलतात आणि बोलायचं तिथे गप्प बसतात.

तीन आठवडे मी राबलो. त्या साच्यातून एक पॅनेल काढलं, आणि मग त्याच साच्यातून दुसरं. दोन्ही जुळी भावंडं! पॉलिश पेपर मारून मारून हाताची सालं गेली. वर काळा रंग मारला तर त्यात तोंड दिसायला लागलं. संध्याकाळी शटर लावायच्या आधी मी दोन्ही पॅनेलं भिंतीला शेजारी शेजारी टेकवून ठेवायचो आणि समोर बसून बघत राहायचो. पत्र्याच्या फटीतून ऊन यायचं, ते बरोबर दोन्ही फुगवट्यांवर पडायचं. किती सारखी दिसतात, असं वाटून मला भरून यायचं! पुढ्यात गुन्हा ठेवून मी त्याचं कौतुक करत होतो. दोन फुटांवरून. रोज.

दसरा उजाडला.

डावं पॅनेल मी आदल्या दिवशीच बसवलं होतं. दरवाजाच्या पत्र्याला भोक पाडून, स्पीकर बसवून, वायर ओढून. बॅटरी गॅरेजवाल्याकडून चार्ज करून आणली होती. सकाळी नऊला अख्खी बिल्डिंग खाली. झेंडूच्या माळा, आंब्याची पानं, काकू आरतीचं तबक घेऊन, काका नव्या झब्ब्यात, जावई कडक इस्त्रीत. मामा मुद्दाम आला होता. बाबा लांब, जिन्याच्या पायरीवर, हाताची घडी घालून.

मी टेप चालू केला. सनई!

काय आवाज निघाला त्या फुगवट्यातून! कबुतरं उडाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जावयांनी पॅनेलवरून हात फिरवला आणि म्हणाले, “मस्कतलासुद्धा असं काम होत नाही हो.” मी हळूच पायरीकडे बघितलं. बाबांची हाताची घडी सुटली होती.

“आता दुसरी बाजू,” काका गर्जले. “ढकला!”

चौघांनी गाडी ढकलून भिंतीपासून लांब आणली. वर्षभराने उजवा दरवाजा सगळ्यांसमोर उघडला. सेक्रेटरी स्कूटरची किल्ली बोटात फिरवत उभा होता, म्हणून काकांनी रिकाम्या जागेत आपली घडीची खुर्ची नेऊन ठेवली.

मला आता चेव चढला होता. एवढी माणसं बघताहेत! आधीच पॅनेल लावून बघावं, ही साधी अक्कल मला नव्हती. रेक्झिनची फळी उपटली. डाव्या दरवाजासाठी पुठ्ठ्याचा एक नमुना कापला होता, तोच घेतला, दरवाजाच्या कडेला टेकवला, पेन्सिल फिरवली आणि ड्रिल लावलं. खर्रर्र! कडेकडेने भोकं, मग छिन्नी, मग हातोडा. पाच मिनिटांत पपईच्या फाकीएवढा पत्रा टणकन खाली पडला. लोकांनी परत टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

मग वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेलं दुसरं पॅनेल सोडवलं आणि दरवाजाला लावलं.

भोक आणि फुगवटा तंतोतंत जुळले. केसाचा फरक नाही. फक्त हँडलसाठी जिथे भोक होतं तिथे दरवाजाला हँडल नव्हतं, आणि जिथे हँडल होतं तिथे पॅनेलला भोक नव्हतं. आणि स्पीकर, जो पुढे पायाशी यायला हवा, तो मागे कडीच्या बाजूला आला होता.

मी पॅनेल काढलं. पुसलं. परत लावलं.

“काय झालं?” काका.

“काही नाही. जरा घट्ट बसतंय.”

मी ढकललं, दाबलं, गुडघा लावला. घाम फुटला. काका पुढे आले. “अरे, वरचं खाली कर!” केलं. आता फुगवटा वर, काचेच्या रेषेत गेला.

जावई वाकून बघत म्हणाले, “असं ठेवलं तर स्पीकर चालवणाऱ्याच्या काखेत येईल.”

“आतलं बाहेर कर,” मागून कोणीतरी.

“आतलं बाहेर केलं तर फुगवटा आत जाईल ना!”

“मग आत जाऊ दे!”

“आत काच आहे!”

पाच-सहा पुरुष त्या पॅनेलला धरून गोल गोल फिरवत होते. पूजा राहिली बाजूला. त्यांच्या मागून काकूंनी तबक घेऊन मान पुढे काढली, एकदा डावीकडचं पॅनेल बघितलं, एकदा हातातलं बघितलं, आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “विनू, दोन्ही चपला डाव्याच पायाच्या आणल्यास की रे.”

पॅनेल फिरवणारे हात जागीच थांबले. सनई तेवढी चालू.

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. सगळं दिसलं. उजवा दरवाजा म्हणजे आरशातला डावा, एका साच्यातून दोन्ही निघूच शकत नाहीत, हे कुठल्याही शिंप्याला कळतं, चांभाराला कळतं, हातमोजे विणणाऱ्या आजीला कळतं. त्या क्षणी ‘चुकलो’ म्हटलं असतं तर? एक शब्द. पण पायरीवर बाबा उभे होते, आणि माझं तोंड! माझं तोंड माझ्या आधी उघडतं.

मी छाती पुढे काढून म्हणालो, “माझं पॅनेल बरोबर आहे. गाडीचाच हा दरवाजा उलटा बसवलाय.”

हो, हेच म्हणालो. तीस माणसांसमोर.

आधी जावई हसले. मग मामा. मग सेक्रेटरी इतका हसला की त्याच्या हातातून किल्ली पडली. बाबा पायरीवरून उतरून आले. कित्येक महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं; आता डोळे पुसत होते.

“काय म्हणालास? परत एकदा म्हण.”

मी काकांकडे वळलो. “तुम्हीच म्हणालात ना, दोन्ही सारखेच असतात म्हणून?”

दामलेकाकांनी चष्मा काढला, झब्ब्याला पुसला. “मी म्हणालो लांबी सारखी, उंची सारखी. दिशा सारखी असं मी म्हणालो? अरे, हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात. तू कॉलेज सोडलंस, त्याला मी काय करणार?”

बत्तीस वर्षं ड्रॉइंग! आणि एवढं बोलून ते घाईघाईने गाडी मागे ढकलायला लागले, कारण सेक्रेटरीने खुर्ची उचलली होती.

मामाने मला बाजूला घेतलं. पाठीवर हात ठेवला. “साचो परत करू या. म्हयन्याभरात होयत.”

“महिनाभर जावई थांबणार आहेत का?” बाबा मागून म्हणाले. “ठरलं होतं ते आजचं ठरलं होतं.”

मामाने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि मेव्हण्यापुढे बोलायचं नाही म्हणून खाली बघितलं. भांडण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं तेव्हा, पण मीच ‘कबूल’ म्हटलं होतं, आणि दरवाजाला माझ्याच हाताने पाडलेल्या त्या भोकातून आतला गंजका पत्रा दिसत होता.

मामाने पुढच्या आठवड्यात येऊन ते भोक बुजवून दिलं. मागच्या कोपऱ्यात आता ससे ठेवतात. मी गेली पाच वर्षं बाबांच्या ऑफिसात आवक-जावक टेबलावर आहे.